ऑनलाइन गेम बंद झाला तर खरेदीदाराचे हक्क काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'द क्रू' हा मोटार शर्यतींचा गेम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी कायमचा बंद केला. पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू विकणाऱ्यानेच नंतर निकामी करावी का, हा प्रश्न त्यानंतर लाखो सह्यांसह युरोपीय आयोगापर्यंत पोहोचला. गेम भारतातही विकले जातात आणि भारतातही बंद पडतात, म्हणून युरोप-अमेरिकेतील घडामोडींबरोबर आपल्या ग्राहक कायद्याचाही येथे विचार केला आहे. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असल्यामुळे प्रत्यक्ष दावा लावण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

'द क्रू'च्या बाबतीत नेमके काय घडले?

हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. अमेरिकेचा आटोपशीर केलेला नकाशा आणि त्यावर या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाकण्याची मुभा, असे त्याचे स्वरूप होते. एकट्याने खेळण्याजोगा बराच भाग त्यात असूनही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी झाल्याशिवाय तो सुरूच होत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि सर्व्हरची यंत्रणा व परवान्यांच्या मर्यादा ही कारणे देऊन तो मार्चअखेर बंद होईल असे जाहीर केले. अलीकडे खरेदी केलेल्या काही जणांना परताव्याची वाट ठेवण्यात आली, जुन्या खरेदीदारांना काहीच मिळाले नाही. एप्रिल २०२४ मध्ये तर अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाच काढून घेतला गेला, म्हणजे न चालणारा गेमसुद्धा त्यांच्या संग्रहात राहिला नाही. गेम बंद होणे ही तोवर नवी गोष्ट नव्हती. लोकांच्या संतापाला तोंड फुटले ते या शेवटच्या पावलामुळे.

माझ्याकडे डिस्क आहे. मग गेम चालत का नाही?

कारण डिस्कवर गेमचा एक भागच असतो. गाड्या, रस्ते, आवाज, चित्रे हे सारे तुमच्या यंत्रावर येते, परंतु खेळणाऱ्याची ओळख पटवणे, त्याची प्रगती नोंदवून ठेवणे, शर्यतीत कोण कोणासमोर येणार हे ठरवणे अशी कामे दूरच्या सर्व्हरवर चालतात. त्या सर्व्हरवरील प्रणाली ग्राहकाला कधीच दिली जात नाही. दुसरे टोक बंद झाले की डिस्कवरचा भाग उत्तराची वाट पाहत थांबतो.

हे असेच असावे लागते, असे मात्र नाही. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत ज्यांनी 'काउंटर-स्ट्राइक १.६' खेळला आहे त्यांना आठवत असेल की चार संगणक एका केबलने जोडले, त्यांपैकी एकाला सर्व्हर केले, की खेळ सुरू होई आणि इंटरनेटचे बिल थकलेले असले तरी काही बिघडत नसे. सर्व्हर चालवण्याचे साधन तेव्हा गेमबरोबरच मिळत असे. पुढे ते साधन कंपन्यांनी आपल्याकडे ठेवायला सुरुवात केली. फसवेगिरी रोखणे, चोरीच्या प्रतींना आळा घालणे आणि गेमच्या आत वस्तू विकणे ही त्यामागची मुख्य कारणे होती.

'गेम बंद झाला' असे म्हणताना नेमके काय अभिप्रेत असते?

यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि हक्कांचा विचार करताना ती टाळली पाहिजे. पहिल्या प्रकारात केवळ विक्री थांबते. 'मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स' सप्टेंबर २०२३ अखेर दुकानांतून हटवला गेला, तरी ज्यांनी तो घेतला होता त्यांना तो खेळता येत राहिला. दुसऱ्या प्रकारात ऑनलाइन सोय जाते आणि एकट्याने खेळण्याचा भाग उरतो. निन्टेन्डोने थ्रीडीएस व वी यू या यंत्रांवरील ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये बंद केला, तो या प्रकारात मोडतो. तिसऱ्या प्रकारात गेम पूर्णपणे निरुपयोगी होतो. 'द क्रू' या तिसऱ्या प्रकारातला आहे. बायोवेअरने बनवलेला 'अँथम' १२ जानेवारी २०२६ रोजी बंद झाला, तोही त्यातलाच. पहिल्या प्रकारात ग्राहकाची फारशी हानी नाही. दुसऱ्यात किती हानी झाली हे जाहिरातीत काय सांगितले होते त्यावर ठरेल. खरा वाद तिसऱ्याचा आहे.

मी गेम विकत घेतला की फक्त वापरण्याचा परवाना घेतला?

कंपन्यांच्या करारनाम्यांनुसार तुम्ही परवाना घेतला. 'द क्रू'वरून कॅलिफोर्नियातील दोन खेळाडूंनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा लावला, तेव्हा युबिसॉफ्टने न्यायालयात हाच बचाव केला की ग्राहकांनी मर्यादित परवाना घेतला होता आणि तसे वेष्टनावर व करारात नमूद होते. दुसरीकडे, दुकानातील बटणावर मात्र 'विकत घ्या' असेच लिहिलेले असते. भाड्याने द्यायची वस्तू विक्रीच्या भाषेत विकायची आणि वाद झाला की करारातील बारीक अक्षरांकडे बोट दाखवायचे, असा हा व्यवहार आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या तंट्याचे मूळ तेथेच आहे.

मुंबईतल्या पागडीच्या खोलीशी याची तुलना करावीशी वाटते. पागडी देणारा मोठी रक्कम एकदम मोजतो, तरी जागेची मालकी घरमालकाकडेच राहते. मात्र पागडीच्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण आहे आणि मालकाला मनात येईल तेव्हा त्याला बाहेर काढता येत नाही. गेमच्या खरेदीदाराने पागडी तेवढी मोजलेली आहे.

कॅलिफोर्नियाने या शब्दखेळाला थोडा लगाम घातला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू असलेला तेथील एबी २४२६ हा कायदा सांगतो की डिजिटल वस्तू विकताना 'खरेदी' यासारखे शब्द वापरायचे असतील, तर ग्राहकाला हा केवळ परवाना आहे याची स्पष्ट कल्पना द्यावी लागेल. कायमस्वरूपी उतरवून घेऊन इंटरनेटविना वापरता येणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने आपल्या खरेदीच्या पानावर तशी सूचना ऑक्टोबर २०२४ पासूनच दाखवायला सुरुवात केली. हा कायदा गेम बंद करण्यास मनाई करत नाही. विकताना खरे बोलावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काय मागते? सर्व्हर कायम चालू ठेवावेत, असे तिचे म्हणणे आहे का?

नाही, आणि हा गैरसमज दूर होणे फार आवश्यक आहे. 'अ‍ॅकर्स्ड फार्म्स' ही यूट्यूब वाहिनी चालवणारे रॉस स्कॉट यांनी एप्रिल २०२४ मध्ये ही मोहीम सुरू केली. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या युरोपीय नागरिक पुढाकाराची (सह्या गोळा करून युरोपीय आयोगाकडे मागणी मांडण्याच्या पद्धतीची) मागणी अशी आहे की, कंपनीने गेमला दिलेला आधार काढून घेण्यापूर्वी तो कंपनीच्या मदतीशिवाय वाजवी प्रमाणात खेळता येईल अशा अवस्थेत ग्राहकाच्या हाती ठेवावा. आधार कधी काढायचा हे कंपनीनेच ठरवावे. त्यानंतर तिने एक पैसाही खर्च करावा अशी मागणी नाही, गेमची मालकी किंवा बौद्धिक संपदा ग्राहकाला द्यावी अशीही नाही. जे गेम आधीच बाजारात आहेत त्यांना जुन्या तारखेने नियम लावावा, असा आयोजकांचा आग्रह नाही. पुढे बनणाऱ्या गेममध्ये शेवटाची तजवीज आरंभीच असावी, एवढे ते सांगतात.

कंपन्यांचे म्हणणे काय आहे, आणि त्यात तथ्य आहे का?

युरोपातील उद्योगाची संघटना असलेल्या व्हिडिओ गेम्स युरोपने जुलै २०२५ मध्ये आपली भूमिका मांडली. खासगी सर्व्हर हा पर्याय नेहमी व्यवहार्य नसतो, कारण खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा, बेकायदेशीर मजकूर हटवणे ही कामे तेथे होणार नाहीत आणि हक्कधारकावर जबाबदारी येऊ शकेल, असा तिचा एक मुद्दा होता. अनेक गेम मुळापासून ऑनलाइन खेळासाठीच रचलेले असतात आणि अशा अटी घातल्यास ते बनवणे परवडेनासे होईल, हा दुसरा. त्याच महिन्यात युबिसॉफ्टचे प्रमुख इव्ह गिमो यांनीही भागधारकांच्या सभेत कोणत्याही गेमला कायम आधार देता येत नाही असे सांगितले.

खर्चाचा मुद्दा पोकळ नाही. सर्व्हरवरील प्रणालीत कित्येकदा इतर कंपन्यांकडून परवान्याने घेतलेले भाग असतात आणि ते ग्राहकाला देण्याचा अधिकार गेमच्या प्रकाशकाकडे नसतो. खऱ्या मोटारींची नावे, गाणी, खेळाडूंचे चेहरे यांचे करारही ठराविक मुदतीचे असतात. दहा वर्षे जुन्या प्रणालीतून हे सारे वेगळे काढणे म्हणजे घरात बिऱ्हाड असताना पाया बदलण्यासारखे आहे. परंतु हा मुद्दा जुन्या गेमना जितका लागू पडतो तितका नव्यांना पडत नाही, कारण नव्या गेमचे करार करतानाच शेवटाची अट घालता येते. सुरक्षेचा मुद्दा त्याहून लंगडा वाटतो. खेळाडूंची माहिती कंपनीने कोणाला द्यावी अशी मागणीच नाही, आणि आपल्या घरी चार मित्रांसाठी सर्व्हर चालवणाऱ्याच्या वर्तनाला कंपनी का जबाबदार ठरावी, हे त्या निवेदनातून उलगडत नाही.

हे प्रत्यक्षात कोणी करून दाखवले आहे का?

होय, आणि लहान-मोठ्या दोन्ही कंपन्यांनी. 'नॉकआउट सिटी'चे अधिकृत सर्व्हर जून २०२३ मध्ये बंद झाले, तेव्हा व्हेलन स्टुडिओज या तुलनेने छोट्या संस्थेने संगणकावर स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती लोकांना दिली. 'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'च्या ऑनलाइन सेवा जानेवारी २०२४ अखेर थांबल्या, पण त्याआधी एकट्याने खेळण्याचा भाग जोडणीविना चालेल अशी सुधारणा करण्यात आली. 'रेडफॉल' हा गेम बनवणारा आर्केन ऑस्टिन स्टुडिओच २०२४ मध्ये बंद करण्यात आला, तरी शेवटच्या सुधारणेत ऑफलाइन खेळाची सोय मिळाली. 'मल्टिव्हर्सस' मे २०२५ अखेर थांबला तोही ऑफलाइन खेळाची वाट ठेवून. आणि खुद्द युबिसॉफ्टने 'द क्रू २' या पुढच्या भागाला २०२५ मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. पहिल्या भागाच्या वेळी जे जमले नाही ते लोकांनी आरडाओरडा केल्यावर दुसऱ्या भागात जमले, याची नोंद ठेवावी. युबिसॉफ्टचा एक मोठा स्टुडिओ पुण्यातही आहे. 'द क्रू' मात्र फ्रान्समधील आयव्हरी टॉवरने बनवला होता, त्यामुळे पुण्यातल्या मंडळींवर राग काढण्यात अर्थ नाही.

युरोप आणि ब्रिटनमध्ये कायदा कुठवर आला आहे?

युरोपीय नागरिक पुढाकार या पद्धतीत एका वर्षात किमान १० लाख सह्या आणि किमान सात सदस्य देशांत ठरावीक किमान संख्या गाठावी लागते. ३१ जुलै २०२४ रोजी सह्या सुरू झाल्या. बराच काळ आकडा रेंगाळला आणि मोहीम फसली असे आयोजकांनाच वाटू लागले होते, पण जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात १० लाखांचा टप्पा ओलांडला गेला आणि मुदत संपताना संख्या १४ लाखांच्या वर होती. पडताळणीनंतरही वैध सह्या १० लाखांहून बऱ्याच अधिक भरल्या. अशा पुढाकाराला सहा महिन्यांत कारणांसह उत्तर देणे युरोपीय आयोगावर बंधनकारक असते. कायदा करणे मात्र बंधनकारक नसते.

ब्रिटनमध्ये १ लाखाहून अधिक सह्या झालेल्या याचिकेवर ३ नोव्हेंबर २०२५ रोजी संसदेत चर्चा झाली. अनेक पक्षांच्या सदस्यांनी खेळाडूंची बाजू मांडली, परंतु सध्याचा ग्राहक कायदा पुरेसा असून तो बदलण्याचा विचार नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात आले.

परदेशी असलेल्या मराठी मंडळींकडून याविषयी एक प्रश्न हमखास येतो. युरोपीय पुढाकारावर सही करण्यासाठी युरोपीय संघातील देशाचे नागरिकत्व लागते, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर जर्मनीत नोकरी करणाऱ्याला तेथे सही करता आली नसती. ब्रिटनच्या याचिकेवर मात्र तेथील रहिवाशालाही सही करता येते, त्याचे नागरिकत्व कोणतेही असो.

गेम बंद झाल्यावर पैसे परत मिळतात का?

हमी नाही, पण चांगली उदाहरणे आहेत. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत, बंद झाला. सर्व खरेदीदारांना पूर्ण परतावा देण्यात आला. गुगलने 'स्टेडिया' ही इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा जानेवारी २०२३ मध्ये थांबवताना आपल्या दुकानातून विकलेल्या यंत्रांचे आणि गेमचेही पैसे परत केले. दोन्ही ठिकाणी हे औदार्य कंपनीने स्वतःहून दाखवले, आणि दोन्ही ठिकाणी खरेदी ताजी होती किंवा ग्राहक मर्यादित होते, हेही खरे. नऊ वर्षे चाललेल्या गेमचे पूर्ण पैसे मागणे न्यायाचे होईल का, याबद्दल दुमत असू शकते. बंद होण्याच्या महिनाभर आधी पूर्ण किमतीला विकलेल्या प्रतीबद्दल दुमत नसावे.

भारतात यासाठी कोणता कायदा आहे?

ऑनलाइन गेम बंद करताना काय करावे हे सांगणारी स्वतंत्र तरतूद भारतात नाही. तरीही २० जुलै २०२० पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ येथे अनेक अंगांनी उपयोगी पडू शकतो.

त्यातील 'ग्राहक' या शब्दाच्या व्याख्येत ऑनलाइन खरेदी स्पष्टपणे समाविष्ट आहे. कलम २(११) सेवेतील त्रुटीची व्याख्या करते आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हीसुद्धा त्रुटी मानते. गेम बंद करण्याचे ठरले असतानाही विक्री चालू ठेवली असेल, तर हा मुद्दा वजनदार ठरतो. कलम २(४६) मध्ये 'अनुचित करारा'ची कल्पना आली आहे, आणि वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट तिच्यात मोडते. 'आम्ही ही सेवा केव्हाही, कोणत्याही कारणाने बंद करू शकतो' अशा धर्तीची वाक्ये गेमच्या करारनाम्यांत सर्रास सापडतात. ती वाक्ये या कलमापुढे ठेवून पाहावीत.

परवाना की विक्री, या प्रश्नावरही आपल्याकडे काही वाटचाल झालेली आहे. पुण्याच्या क्विक हील टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये असा निर्णय दिला की सीडीवरून विकलेली अँटिव्हायरस प्रणाली ही वस्तूची विक्री आहे आणि तिच्यावर सेवा कर लागू होत नाही. त्या व्यवहारातही वापराचा परवाना होता, चावी होती, पुढच्या सुधारणाही होत्या. तो वाद कराचा होता, ग्राहक हक्कांचा नव्हता, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा गेमला लावता येणार नाही. तरी कागदावर 'परवाना' लिहिले म्हणून विक्री ही विक्री राहत नाही, असा पवित्रा घेणाऱ्या कंपनीला उत्तर देताना तो हाताशी असावा.

कंपनी परदेशी आहे, या सबबीनेही खचून जाऊ नये. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. वाद लवादाकडेच न्यावा अशी अट करारात असली, तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्थात आदेश मिळणे आणि भारतात कार्यालय नसलेल्या कंपनीकडून त्याची अंमलबजावणी करून घेणे यांत अंतर आहे. म्हणून ज्या दुकानातून किंवा मंचावरून खरेदी केली त्यालाही पक्षकार करणे शहाणपणाचे.

तक्रार कशी आणि कोठे करावी?

प्रथम पुरावा गोळा करावा. पैसे भरल्याची पावती, खरेदीच्या वेळचे जाहिरातीचे पान, वेष्टनाचे छायाचित्र, बंद होण्याची घोषणा आणि 'सर्व्हरशी जोडणी होत नाही' हा पडद्यावरील संदेश यांच्या प्रती तारखेसह ठेवाव्यात. कंपन्या अशी पाने नंतर बदलतात, त्यामुळे हे काम घोषणा होताच उरकावे.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ई-वाणिज्य नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. ही पायरी खर्चाची नाही आणि कित्येक मंच परतावा याच टप्प्यावर देऊन मोकळे होतात.

शेवटची पायरी ग्राहक आयोगाची. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि गेमच्या बाबतीत त्याहून मोठी रक्कम कोणी मोजली असेल तर त्याने आधी घरच्यांशी बोलावे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तुम्ही जेथे राहता किंवा काम करता तेथील आयोगात तक्रार दाखल करता येते, म्हणजे सोलापूरच्या ग्राहकाला पॅरिस सोडाच, मुंबईलाही जावे लागत नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून ती ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मात्र करारातील अट अनुचित ठरवून घ्यायची असेल, तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य आयोगाला आहे. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाचे मुख्य कार्यालय मुंबईत, तर गोव्याच्या राज्य आयोगाचे पणजीत आहे.

मुदत दोन वर्षांची आहे, ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. 'द क्रू'साठी ती ढोबळ मानाने मार्च २०२६ अखेरपर्यंतची होती. उशिराचे समाधानकारक कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. अनेक ग्राहकांचे गाऱ्हाणे एकच असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करण्याची सोयही कलम ३५ मध्ये आहे. हजार-दीड हजार रुपयांच्या गेमसाठी एकट्याने फेऱ्या मारण्यापेक्षा ही वाट अधिक व्यवहार्य वाटते.

गेम फुकट होता, पण आत पैसे खर्च केले होते. मग?

गेम फुकट असला तरी त्यातील पोशाख, नाणी किंवा पास यांसाठी पैसे मोजलेले असतील तर त्या व्यवहारापुरते तुम्ही ग्राहक आहात. वापरलेल्या वस्तूंबद्दल दावा दुबळा असतो, न वापरलेल्या शिल्लक नाण्यांबद्दल तो अधिक बळकट असतो.

भारतात मात्र मोठे गेम बंद झाले ते कंपनीच्या मर्जीने नव्हे, सरकारी आदेशाने. २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये ११८ अ‍ॅपवर बंदी आली, तीत 'पबजी मोबाइल' होता, आणि ऑक्टोबरअखेर त्याचे सर्व्हरही भारतासाठी बंद झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'ची पाळी आली. अशा वेळी कंपनीला सेवेतील त्रुटीसाठी जबाबदार धरणे अवघड असते, कारण कायद्याने मनाई केलेली सेवा देता येत नाही. पबजीच्या खेळाडूंना त्यातल्या त्यात दिलासा असा की जुलै २०२१ मध्ये पबजीची मूळ कंपनी क्राफ्टनने आणलेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'मध्ये जुने सामान हलवून घेण्याची सोय मिळाली. तो गेमही जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवला गेला आणि २०२३ मध्ये परत आला. या येरझारा पाहता आतील खात्यात मोठी शिल्लक ठेवू नये, हे उत्तम.

२०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा या प्रश्नाला लागू होतो का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेला तो कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता देतो. विकत घेतलेला गेम बंद पडल्यास काय, याविषयी त्यात काही नाही.

चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर बंद गेम खेळणे कायदेशीर आहे का?

हा भाग धूसर आहे. 'द क्रू'च्या चाहत्यांनी 'द क्रू अनलिमिटेड' या नावाने पर्यायी सर्व्हर तयार करून सप्टेंबर २०२५ मध्ये तो खुला केला. अमेरिकेत २०१५ पासून, ओळख पटवणारा सर्व्हर बंद झालेला गेम स्वतःपुरता पुन्हा चालू करण्यासाठी त्यावरील तांत्रिक कुलूप (नक्कल व अनधिकृत वापर रोखणारी यंत्रणा) तोडण्याची मर्यादित सूट दिली गेली आहे. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ६५अ नुसार हक्क डावलण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा आहे, पण कायद्याने मनाई नसलेल्या कारणासाठी ते केल्यास अपवादाला जागा आहे. स्वतः पैसे देऊन घेतलेली प्रत एकट्याने खेळणारा आणि असा सर्व्हर चालवून पैसे कमावणारा यांच्याकडे न्यायालय सारख्या नजरेने पाहील असे वाटत नाही. सर्वांत निर्धोक वाट 'सिटी ऑफ हीरोज'ने दाखवली. २०१२ मध्ये बंद झालेल्या या गेमच्या 'होमकमिंग' नावाच्या चाहत्यांच्या सर्व्हरला मूळ कंपनी एनसीसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये रीतसर परवाना दिला.

खरेदी करण्यापूर्वी काय तपासावे?

एकट्याने खेळतानाही इंटरनेट सतत लागते का, हे सर्वांत आधी पाहावे. वेष्टनावर किंवा दुकानाच्या पानावर ते लिहिलेले असते, बहुधा सर्वांत खाली. लागत असेल तर किंमत भाड्याची समजून मोजावी. स्वतःचा सर्व्हर चालवण्याची किंवा स्थानिक जोडणीवर खेळण्याची सोय असेल तर गेमचे आयुष्य कंपनीच्या हातात उरत नाही. जीओजीसारख्या दुकानातून घेतलेल्या गेमची स्थापना-फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. ऑनलाइन गेमना ही युक्ती अर्थातच लागू नाही. परताव्याचे नियमही माहीत असावेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर सहसा प्रश्न न विचारता पैसे परत मिळतात. गुगल प्लेवर पहिल्या ४८ तासांत विनंती करणे सोपे जाते. मोठ्या सवलतीत मिळणारा जुना ऑनलाइन गेम घेण्यापूर्वी तो बंद होण्याची घोषणा झालेली नाही ना, हे एकदा शोधून पाहावे.

बंद झालेल्या गेमची डिस्क मी दुसऱ्याला विकू शकतो का?

विकता येते, पण ती चालत नाही हे सांगून. न चालणारा गेम 'उत्तम स्थितीत, चालू' म्हणून विकला, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार ती फसवणूक ठरू शकते आणि घेणारा व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकतो. वेष्टन जपून ठेवणाऱ्या संग्राहकांना अशा डिस्क हव्या असतात, तेव्हा खरे सांगूनही गिऱ्हाईक मिळते.